दुसरी नोकरी कुठे आहे?

मुंबई-पुणं सोडून मध्यम शहरात राहायला जाण्याचा विषय निघाला की हिशेब ठरलेला असतो. घराचा हप्ता इतका, शाळेची फी इतकी, रोजच्या प्रवासाचे तास इतके. ठाण्यात दोन खोल्यांसाठी वीस वर्षं हप्ते फेडायचे, त्या पैशांत कोल्हापुरात गच्चीसकट ऐसपैस घर येतं. हा हिशेब खोटा नाही. 2020च्या टाळेबंदीनंतर अनेकांनी तो करूनही पाहिला. लॅपटॉप उचलून ते सांगलीच्या, नाशिकच्या, अमरावतीच्या घरी गेले, आईच्या हातचं जेवून काम केलं आणि महिन्याअखेरीस बँकेतली शिल्लक बघून हरखले. पुढे कंपन्यांनी ऑफिसात परत बोलावलं. माणसं गेली, पण ती शिल्लक काही डोक्यातून जाईना.

माझी तक्रार एवढीच की या हिशेबात एक रकाना कोणी आखत नाही. हिशेबात पहिल्या गोष्टींचे भाव असतात, दुसऱ्यांचे नसतात. पहिलं घर, पहिली नोकरी, पहिला डॉक्टर, पहिली शाळा हे सगळं पाच-सहा लाख वस्तीच्या शहरात मिळतं आणि बऱ्याचदा चांगलं मिळतं. पण ती नोकरी सुटली तर दुसरी कुठे? डॉक्टरांचं निदान पटलं नाही तर दुसरं मत कोणाचं? शाळेशी बिनसलं तर मुलाला घालायचं कुठे? मोठ्या शहराला आपण जो जादा पैसा मोजतो तो बव्हंशी या ‘दुसऱ्या’चा असतो. रोज वापरात नसल्यामुळे तो वाया गेल्यासारखा वाटतो, इतकंच.

उदाहरणाला कोल्हापूर घेतो. एक तर ते मला जवळचं आहे, आणि मध्यम शहर म्हणावं तर ते नेमकं तसं आहे. 2011च्या जनगणनेत महापालिका हद्दीत साडेपाच लाखांच्या आसपास लोक होते. नाशिक त्याच वेळी पंधरा लाखांच्या उंबरठ्यावर होतं. त्याला मध्यम म्हणायचं ते आता सवयीनं.

कोल्हापूर देतं काय? आधी वेळ. राजारामपुरीतला माणूस दुपारी घरी जेवायला जाऊ शकतो, वामकुक्षी काढून परत दुकानात येऊ शकतो, आणि यात कोणाला काही गैर वाटत नाही. संध्याकाळी रंकाळ्यावर चक्कर, रात्री गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं दूध, मोसमात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांचा फुटबॉल. शेवटच्या गोष्टीसाठी नोकऱ्या सोडणारे लोक मी ऐकून आहे. ही सगळी खरी श्रीमंती आहे. मुंबईत महिन्याला लाखो कमावणाऱ्याच्या वाट्यालाही दुपारचं ताटातलं गरम जेवण येत नाही. या बाजूचं गुणगान पुष्कळ झालेलं असल्यानं मी इथेच थांबतो.

आता ती दुसरी बाजू. कोल्हापूरच्याच इतिहासात तिचे दोन ठळक दाखले आहेत. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाँ खाँ शाहू महाराजांच्या आश्रयानं कोल्हापुरात राहिले, गायले, शिकवत राहिले. 1922 मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी पुढे मुंबई गाठली. कोल्हापूरकरांना गाणं कळेनासं झालं होतं असं नव्हे. आश्रयदाता एक होता आणि त्याच्या तोलाचा दुसरा नव्हता. मुंबईत शेटजी होते, मंडळं होती, शिष्य होते, एक रुसला तर दुसरा होता. तसंच ‘प्रभात’चं. 1929 मध्ये कोल्हापुरात सुरू झालेली ही चित्रपट कंपनी चार वर्षांत, 1933 मध्ये, पुण्याला गेली, आणि आपण आज ‘प्रभात’ म्हणताना जे डोळ्यांपुढे आणतो ते बरंचसं पुण्यातलं आहे. बाबूराव पेंटरांसारखा गुरू ज्या शहरानं दिला, त्या शहरातून त्यांच्याच हाताखाली तयार झालेली माणसं बाहेर पडली. मध्यम शहर गुणी माणूस घडवतं, पहिली संधीही देतं. दुसऱ्या संधीला मात्र तो गाडी पकडतो. रविवारी रात्री पुण्याला निघणाऱ्या खच्चून भरलेल्या गाड्यांत आजही हेच चाललेलं असतं, फक्त तंबोऱ्याच्या जागी लॅपटॉपची पाठपिशवी आली आहे.

यावर शिरोलीचा एखादा कारखानदार मला अडवेल, आणि त्याचं अडवणं रास्त असेल. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत या पट्ट्यात फाउंड्र्या आणि मशीन शॉप शेकड्यानं आहेत. ओतकामातला जाणकार, पॅटर्न बनवणारा, सीएनसी चालवणारा, यांना एका फाटकातून बाहेर पडलं तर शेजारचं फाटक आहे. त्यांच्यासाठी कोल्हापूर मध्यम नाहीच, चांगलं मोठं शहर आहे. या धंद्यापुरतं मुंबईहून मोठं म्हटलं तरी मी वाद घालणार नाही. हुपरीत चांदीकाम करणाऱ्याचं तेच, इचलकरंजीत मागाच्या धंद्यातल्याचं तेच. म्हणजे शहर लहान की मोठं हे जनगणना ठरवत नाही, तुमचा धंदा ठरवतो. धातुशास्त्राच्या इंजिनिअरला जे शहर प्रशस्त वाटतं तेच जाहिरातीत मजकूर लिहिणाऱ्या मुलीला कोंदट वाटेल, आणि दोघंही खरं सांगत असतील.

आणि ही मुलगी त्या इंजिनिअरची बायको असू शकते. खरी गाठ इथे आहे. पूर्वी बदली झाली की घर हलायचं, कारण पगार एक होता. आज स्थलांतराचा विचार करणाऱ्या बहुतेक घरांत दोन पगार आहेत, आणि मध्यम शहरात दोघांच्या धंद्यांची दाट बाजारपेठ एकाच वेळी सापडणं हा योगायोग असतो. मग एकाची नोकरी मिळते, ‘दुसरीचं बघू’ असं ठरतं, आणि ते बघणं लांबत जातं. ही दुसरी कोण, हे सांगायला नको. वर ‘आपल्या गावाकडे परत’ जायचं म्हणतात तेव्हा गाव बहुधा नवऱ्याचं असतं. त्याच्यासाठी ते शाळूसोबत्यांचं शहर. तिच्यासाठी सासर, आणि तेही आता सणापुरतं नव्हे तर कायमचं. घराच्या हप्त्यात वाचलेले पैसे आणि तिचा बंद झालेला पगार या दोन आकड्यांची वजाबाकी मी फार थोड्या घरांत केलेली पाहिली आहे. पाच वर्षं घरी बसल्यावर तिच्या पुढच्या पगाराला जी कात्री लागते ती तर कोणी धरतच नाही.

मोठ्या शहराची बाजू घेणाऱ्यांनीही फार फुशारू नये. मुंबईतली दुसरी नोकरी कागदावर असते. विरारला घर असलेल्या माणसाला बेलापूरची नोकरी म्हणजे दिवसाचे चार-पाच तास गाडीत, तेव्हा तीही नसल्यातच जमा. दहा मोठी रुग्णालयं शहरात असतात, पण रात्री दोन वाजता जवळचं एकच खरं. तेव्हा मुंबईचे सगळे पर्याय जमेला धरून कोल्हापूरला नापास करणं अन्यायाचं होईल. तरी एक फरक उरतोच, आणि तो लोकलनं केलेला आहे. सोळा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आजी मुंबईत कोणाच्या मिनतवाऱ्या न करता पास काढून शहरभर फिरू शकतात. कोल्हापुरात केएमटीच्या बसवर तसा भरवसा टाकता येत नाही. शहर दुचाकीवर चालतं. ज्याला दुचाकी येत नाही, परवडत नाही किंवा वयानं सुटली, तो घरातल्या कोणाच्या तरी सवडीवर जगतो. पंधरा मिनिटांचं अंतर ही मध्यम शहराची मोठी शेखी, पण ती पंधरा मिनिटं हँडल धरणाऱ्याची आहेत.

म्हणूनच ‘निवृत्तीनंतर लहान शहर बरं’ हा सर्वमान्य सल्ला मला उलटा वाटतो. निवृत्त माणसाला दुसरा डॉक्टर सगळ्यांत जास्त लागतो आणि दुचाकी सगळ्यांत आधी सुटते. कोल्हापुरात वैद्यकीय सोय वाईट नाही. सीपीआरसारखं मोठं सरकारी रुग्णालय आहे, खासगी तज्ज्ञ भरपूर आहेत. अडचण निदानाबद्दल शंका आली की सुरू होते. शहरातले एका शाखेचे डॉक्टर एकमेकांना नावानिशी ओळखतात, बरेचसे एकत्र शिकलेले असतात. एकाचं चुकलं असं दुसरा चटकन म्हणत नाही. मग माणूस मिरजेला जातो, बेळगावला जातो, पुणं गाठतो. मिरजेला डॉ. वॉनलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जो दवाखाना काढला, त्याच्या भोवती दवाखान्यांचं एक गावच उभं राहिलं, आणि कोल्हापूरला ‘दुसरं मत’ आहे ते पुष्कळदा तिथे.

या मिरजेवरून एक गोष्ट सुचते, जी शहरांच्या आराखड्यांत मला फारशी दिसत नाही. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली, मिरज ही सगळी पन्नासेक किलोमीटरच्या आत आहेत. एकटं कोल्हापूर लहान. चौघं मिळून मोठं शहर होतं. सांगलीतली नोकरी कोल्हापूरच्या माणसाची दुसरी नोकरी होऊ शकते, मिरजेचा डॉक्टर इचलकरंजीचा दुसरा डॉक्टर होऊ शकतो. त्यासाठी मेट्रो लागत नाही. दर अर्ध्या तासानं सुटणारी साधी गाडी लागते. त्याऐवजी काय आहे? कोल्हापूर-सांगली रस्त्याचं वर्षानुवर्षं रेंगाळलेलं काम आणि कोल्हापूर-मिरज एकेरी रेल्वेमार्ग. पुण्याला जाणारी वंदे भारत 2024 मध्ये आली तेव्हा हार-तुरे झाले. ती हवीच होती. पण ती पुण्याला नेणारी गाडी आहे. शेजारच्या शहराशी जोडणाऱ्या गाडीला कोणी हार घालत नाही.

दुसरा पर्याय नसतो तिथे मध्यम शहर वेगळीच गोष्ट पुढे करतं. ती म्हणजे ओळख. दवाखान्यात खाट नाही म्हटल्यावर कोणाचा तरी मेहुणा फोन करतो. आजारपणात आठ घरांतून डबे येतात. दाखल्यासाठी हेलपाटे घालणाऱ्याला कोणी तरी कार्यालयात ‘हा आपला माणूस’ म्हणून नेऊन बसवतो. हे मी हेटाळणीनं सांगत नाही; संकटात ओळखीच्या माणसाइतका आधार पैशानं मिळत नाही. पण ओळख ही वारशानं येते किंवा वर्षानुवर्षं मुरावी लागते. पेठेत जन्मलेल्याला तालीम आपसूक मिळते, गणपतीच्या मांडवात जागा मिळते. बाहेरून येऊन उपनगरात फ्लॅट घेतलेल्याला यातलं काहीच मिळत नाही आणि मुंबईतला पर्यायांचा गठ्ठाही त्यानं मागे टाकलेला असतो. पहिली काही वर्षं त्याला दोन्हीकडून टाच लागते.

ओळखीचा आणखी एक चेहरा आहे, आणि तो सगळ्यांना सारखा दिसत नाही. मध्यम शहरात नाव सांगितलं की आडनाव विचारतात, आडनाव सांगितलं की गाव विचारतात, आणि गाव कळलं की जे विचारलं नाही तेही कळतं. घर भाड्यानं मागणारी एकटी मुलगी, मुसलमान जोडपं, दलित प्राध्यापक यांना या ओळखीची किंमत मोजावी लागते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवीकरणावर जो कडाडून हल्ला केला, त्यामागचा अनुभव पाच लाखांच्या शहरात विरघळून गेलेला नाही. पातळ झाला आहे. मुंबईतही घरं नाकारतात, हे मान्य. तिथल्या सोसायट्यांचे किस्से काही कमी नाहीत. पण तिथे नाकारणाऱ्याला घर शोधणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी आठवत नाही आणि पलीकडच्या रस्त्यावर दुसरा घरमालक असतो. लहान शहरात नकार बातमीसारखा पुढे जातो.

गंमत अशी की परक्यासाठी जागा कशी करायची हे याच शहरानं महाराष्ट्राला शिकवलं होतं. 1901 पासून शाहू महाराजांनी कोल्हापुरात एकामागून एक जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली. आडगावातून आलेल्या मुलाची शहरात कोणाशी ओळख नसते, तेव्हा ओळखीच्या जागी संस्था उभी करावी लागते, हे त्यांना उमगलं होतं. आज बाहेरून नोकरीसाठी येणाऱ्या मुलीला त्याच शहरात सुरक्षित, परवडणारं वसतिगृह शोधताना घरमालकिणींच्या अटी ऐकत फिरावं लागतं. आयटी पार्कची मागणी दर निवडणुकीत होते. त्या आयटी पार्कात काम करायला येणारी माणसं राहणार कुठे, हा प्रश्न व्यासपीठावरून कानावर येत नाही.

आणि राहणार कुठे, हा प्रश्न वरवर वाटतो तेवढा सोपा नाही. कोल्हापूरची महापालिका 1972 मध्ये झाली आणि त्यानंतर अर्धं शतक उलटलं तरी शहराची हद्द तेवढीच राहिली. आजूबाजूच्या गावांना घरफाळा वाढण्याची आणि शेतजमिनीवर आरक्षण पडण्याची भीती आहे, आणि शहराची अवस्था बघता ती भीती अनाठायी म्हणता येत नाही. दर वेळी हद्दवाढीचा प्रस्ताव येतो, मोर्चे निघतात, प्रस्ताव मागे पडतो. मधला मार्ग म्हणून 2017 मध्ये 42 गावांचं प्राधिकरण केलं, त्यानं वादाचा कागद तेवढा बदलला. याचा नव्यानं येणाऱ्याशी थेट संबंध आहे. त्याला परवडणारा आणि आवडणारा फ्लॅट बऱ्याचदा पाचगाव, उचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी अशा ठिकाणी असतो. पत्त्यात कोल्हापूर, कारभार ग्रामपंचायतीचा. इमारत सात मजली; सांडपाणी, कचरा आणि पाणी मात्र खेड्यासाठी ठरवलेल्या व्यवस्थेवर. शहरात राहणाऱ्यानं तरी काय वेगळं भोगलं? 2020च्या अखेरीस सभागृहाची मुदत संपली आणि पाच वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. एवढा काळ गटार तुंबलं तर ज्याची कॉलर धरावी असा नगरसेवकच नव्हता. जिथे कारभार ओळखीवर चालतो तिथे निवडून आलेला ओळखीचा माणूसच नाहीसा होणं ही साधी गैरसोय नसते.

मग नदी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही पुरांत पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला आणि शहर पुण्यापासून तुटलं. पेट्रोलला रांगा लागल्या, भाज्या संपल्या. उपसा केंद्रंच पाण्याखाली गेल्यामुळे 2019 मध्ये चहूकडे पूर आणि नळ कोरडे असा प्रकार झाला. दुसरा रस्ता नाही, दुसरा पाणीपुरवठा नाही. काळम्मावाडी धरणापासूनची थेट पाईपलाईन कित्येक वर्षांच्या चर्चेनंतर 2023च्या अखेरीस शहरात पाणी घेऊन आली, म्हणजे पाण्यापुरता का होईना दुसरा उगम मिळाला. आणि 2024च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा शहराचं नाटकच बेघर झालं, कारण व्यावसायिक नाटकाच्या तोलाचा रंगमंच मुळात तो एकच. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेला! शंभरावर वर्षांत त्याच्या जोडीला दुसरा उभा राहू नये, यात आगीचा काही दोष नाही.

‘दुसरं’ आपोआप उगवत नाही, ते कोणी तरी आणून ठेवावं लागतं, याचा ताजा दाखलाही इथलाच आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात बसू लागलं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांचे खटले इकडे आले. त्याआधी इथल्या हुशार तरुण वकिलापुढे दोनच वाटा होत्या: जिल्हा न्यायालयात म्हातारं व्हायचं किंवा मुंबईत एखाद्या ज्येष्ठाच्या चेंबरमध्ये कोपरा शोधायचा. एका अधिसूचनेनं तिसरी वाट उघडली. मागणी दशकानुदशकांची, वकिलांनी काम बंद ठेवून, मोर्चे काढून ती रेटली. मुंबईहून परत येण्याचा विचार करणारा वकील आज भावनेच्या भरात येत नाही, त्याला इथे काम दिसतं म्हणून येतो. असा निर्णय डॉक्टरांसाठी, संशोधकांसाठी, चित्रपटवाल्यांसाठी झालेला नाही.

मग यावं कोणी? ज्याचा धंदा स्वतःचा आहे आणि गिऱ्हाईक इथलंच आहे, त्यानं डोळे मिटून यावं: चाळिशीतला सीए, दंतवैद्य, वकील, कारखाना काढणारा इंजिनिअर. त्याला दुसरी नोकरी लागतच नाही. घरून काम करणाऱ्यानं यावं, पण मालकाची मर्जी फिरली तर पुढची सोय काय, हे आधी बघून ठेवावं. ‘मुलांसाठी जातोय’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की मूल बारावी किंवा इंजिनिअरिंग होताच पुण्याच्या गाडीत बसणार आहे. मधली वर्षं मात्र त्याला खरंच मोकळी मिळतील, आणि ती काही थोडी मोलाची नाहीत. ज्या घरात दोन पगार आहेत तिथे दुसऱ्या पगाराचं नेमणूकपत्र हातात येईपर्यंत सामान बांधू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते पत्र कोणाचं आधी यावं हेही ठरवायचं, तर बाईचं आधी येऊ द्यावं. पुरुषाचं मागाहून जमतं, उलट क्रमानं बहुधा जमत नाही.

आल्यावरही एक पावसाळा भाड्याच्या घरात काढावा. नंतर विकतच घ्यायचं ठरलं तर 2021चं पाणी कुठपर्यंत आलं होतं, नळाला पाणी किती दिवसांआड येतं आणि रात्री शेवटची केएमटी किती वाजता जाते, हे तीन प्रश्न बिल्डरच्या माणसाला विचारण्यात वेळ घालवू नका. खालच्या किराणा दुकानदाराला विचारा, आणि त्यानं उलट तुमचं आडनाव विचारलं तर तेही सांगून टाका.